स्टोक ब्रुअर्नच्या पाण्याच्या पायऱ्या

मैत्रिणींनो, इंग्लंडला जाऊन आलेल्या बाईला विचारायचे प्रश्न ठरलेलेच असतात. "राजवाडा पाहिला का?" "थंडी फार होती का हो?" आणि "तिकडे भाज्या कशा किलो?" या तिन्ही प्रश्नांची उत्तरं मी आनंदानं देते आणि मग हळूच सांगते, "आम्ही तिथे एक लॉकही पाहिलं." ऐकणारीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं की, ही बाई सात हजार किलोमीटर लांब जाऊन कुलूप पाहून आली!

तर हे कुलूप नव्हे. कालव्यातून जाणारी बोट चढावर चढवायची किंवा उतारावर उतरवायची, त्यासाठी बांधलेला पाण्याचा हौद म्हणजे लॉक. मी ते पाहिलं गेल्या वर्षी मे महिन्यात, इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशरमधल्या स्टोक ब्रुअर्न नावाच्या एका लहानशा गावात. बरोबर माझी आई होती. खरं सांगायचं तर हा लेख लॉकवर जितका आहे, तितकाच तो आईवर आहे.

माझी धाकटी बहीण मिल्टन कीन्सला राहते. तिच्या बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही दोघींनी यावं असा तिचा आग्रह. शाळेला मेची सुट्टी होती, आणि मी पडले अर्धवेळ शिक्षिका, तेव्हा रजेचाही प्रश्न नव्हता. व्हिसाचा अर्ज भरायला बसलो. 'व्यवसाय' या रकान्याशी आल्यावर मी आईला न विचारताच 'गृहिणी' लिहून मोकळी झाले. आई शेजारी बसून लसूण सोलत होती. तिनं वाकून पाहिलं, काही बोलली नाही.

आता ही माझी आई कोण, तेही सांगायला हवं. कराडला आमची पिठाची गिरणी. वडिलांनी घातली, पाटी त्यांच्या नावाची, परवाना त्यांच्या नावाचा, विजेचं बिलही त्यांच्याच नावाचं. पण सकाळी नऊपासून दुपारच्या एकपर्यंत आणि पुन्हा चारपासून दिवेलागणीपर्यंत गिरणीत उभी असायची ती आई. डबे वजन करणं, ज्वारीवर गहू चढू न देणं, उधारीची वही ठेवणं, दगडाला टाकी लावायला माणूस आला की त्याच्या डोक्यावर उभं राहून काम करून घेणं, हे सगळं तिचं. अशी तीस वर्षं. आम्ही भावंडं मात्र शाळेत 'आई काय करते?' या प्रश्नाला बिनदिक्कत उत्तर द्यायचो, "काही नाही, घरीच असते."

दोन वर्षांपूर्वी वडील गेले. दादा पुण्याला नोकरीत, त्याला गिरणी चालवणं शक्य नाही. ती विकावी असं त्यानं सुचवलं. हक्कसोडपत्राचा मसुदाही करून आणला. मी आणि बहिणीनं फोनवरच होकार देऊन टाकला. आईची सही काय, ती देईलच, असं आम्ही तिघांनी गृहीत धरलं होतं. हे लिहिताना आज लाज वाटते, पण खरं ते लिहिलेलंच बरं.

असो. मिल्टन कीन्सहून स्टोक ब्रुअर्न मोटारीनं अर्ध्या तासाच्या आतबाहेर आहे. गाव म्हणजे काय, तर दगडी भिंतींची, काही गवतानं शाकारलेल्या छपरांची घरं, आणि गावाच्या मधोमध कालवा. कालव्याच्या एका काठाला जुनी खाणावळ, दुसऱ्या काठाला संग्रहालय, मध्ये लॉक. नदी म्हणावं तर पाणी वाहत नाही, तळं म्हणावं तर लांबच लांब गेलेलं. काठाकाठानं पायवाट. पूर्वी या वाटेनं घोडे चालायचे आणि दोरानं बोट ओढायचे. आता बाबागाड्या ढकलणाऱ्या आया चालतात.

आम्ही पोचलो तेव्हा खालच्या अंगानं एक बोट येत होती. या बोटी मोठ्या गमतीच्या. रुंदीला जेमतेम सात फूट आणि लांबीला सत्तर फुटांपर्यंत! बोटीवर एक म्हातारं इंग्रज जोडपं होतं. आजोबा सुकाणूवर, आजीबाई हातात लोखंडी हँडल घेऊन काठावर उतरलेल्या. आता लॉक चालतं कसं ते सांगते. मला शाळेत हे कुणी नीट सांगितलं नव्हतं.

टेकडी आली की रस्ता वळसे घेत चढतो. पाण्याला चढता येत नाही. म्हणून इंजिनिअरनं कालव्याच्या पायऱ्या केल्या. प्रत्येक पायरीला एक हौद, त्याला पुढे आणि मागे जाड लाकडी दारं. बोट खालून हौदात आली की मागची दारं लावायची. मग वरच्या बाजूची झडप हँडलनं फिरवून उघडायची. वरच्या अंगाचं पाणी आपल्याच वजनानं हौदात भरतं, आणि पाण्याबरोबर बोटही वर येते. हौद वरच्या कालव्याइतका भरला की पुढची दारं उघडायची, बोट पुढे निघाली. उतरताना याच्या उलट, हौदातलं पाणी खाली सोडायचं. पंप नाही, वीज नाही, इंजिन नाही. सगळं काम पाण्याच्या वजनावर आणि माणसाच्या दोन हातांवर.

दारांना बाहेर आलेला एक लांबच लांब लाकडी दांडा असतो. त्याला पाठ लावून रेटलं की दार हलतं. हौद अजून पुरता भरला नव्हता, तेवढ्यात माझ्या मेहुण्यांनी हौसेनं दांड्याला जोर लावला. सहा फुटी तरुण माणूस, पण दार तसूभर हललं नाही. आजीबाई हसून म्हणाल्या, "घाई नको. पाणी सारखं होऊ द्या."

आई लगेच मराठीत म्हणाली, "कुकरसारखंच आहे की हे! वाफ गेल्याशिवाय झाकण निघतंय होय?"

अगदी तेच. दाराच्या एका बाजूला पाणी उंच आणि दुसऱ्या बाजूला खाली असलं की त्या पाण्याचा सगळा भार दारावर असतो. मग पैलवान आला तरी दार उघडायचं नाही. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं की भार संपला. आजीबाईंनी खुणेनं आईला बोलावलं. आईनं पदर खोचला, दांड्याला पाठ लावली, पाय रोवले, आणि ते भलं थोरलं दार हळूहळू उघडलं. बासष्ट वर्षांच्या आईच्या चेहऱ्यावर मी इतकं हसू पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं.

या एका हौदात किती पाणी मावतं, याचा हिशेब मी तिथेच वहीच्या मागच्या पानावर मांडला. लांबी सुमारे ७२ फूट, रुंदी १४ फूट, चढ साधारण ८ फूट, म्हणजे एका वेळेला जवळजवळ सव्वादोन लाख लिटर! म्हणून तिथली रीत अशी की, दोन बोटी शेजारी शेजारी लावून एकाच भरण्यात वर न्यायच्या. रुंदी चौदा फूट ठेवली ती त्याचसाठी. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या आपल्या गावांतल्या बायकांना ही काटकसर वेगळी समजावून सांगायला नको.

थोडा इतिहास सांगते, कंटाळू नका. लंडन आणि मध्य इंग्लंडातले कारखाने एकमेकांना जोडायला १७९३ साली पार्लमेंटनं कायदा करून 'ग्रँड जंक्शन' कालव्याला परवानगी दिली. ब्रॉन्स्टनपासून थेम्स नदीवरच्या ब्रेंटफर्डपर्यंतचा हा कालवा, मुख्य इंजिनिअर विल्यम जेसप. स्टोक ब्रुअर्नला एकापाठोपाठ एक अशी सात लॉक्स आहेत आणि सातांत मिळून कालवा ५६ फूट चढतो. पुढे ब्लिसवर्थची टेकडी. तिच्या पोटातून ३,०७६ यार्ड, म्हणजे जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांबीचा बोगदा खणला. तो १८०५ साली उघडला. तोपर्यंत कालव्याचे दोन तुकडे होते आणि मधल्या टेकडीवरून माल घोड्यांच्या गाड्यांनी रुळांवरून नेत. बोगद्यात घोड्यासाठी वाट नाही. तेव्हा घोडा टेकडीवरून चालत न्यायचा आणि माणसांनी बोटीवर फळी टाकून, तिच्यावर उताणं पडून, भिंतीला पाय लावून 'चालत' बोट पुढे रेटायची. पुढे वाफेच्या बोटी आल्या तेव्हा ती पायपीट संपली. संग्रहालयापासून पायवाटेनं गेलं की बोगद्याचं तोंड दिसतं. आत डोकावलं तरी अंगावर गार वारा येतो.

१९२९ साली हा कालवा इतर कालव्यांबरोबर 'ग्रँड युनियन'मध्ये सामील झाला, १९४८ साली सरकारच्या ताब्यात गेला, आणि २०१२ पासून त्याचा कारभार एक धर्मादाय विश्वस्त संस्था पाहते. लॉकची दारं अजूनही बहुतेक ओक लाकडाची करतात. ती साधारण पंचवीस वर्षं टिकतात, मग नवी बसवावी लागतात.

आता संग्रहालयाकडे चला. तिकीट काढून आत शिरलो, आणि दोनच पावलांत आई थांबली. वर पाहिलं, खांबांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "अगं, ही तर गिरणी!"

खरोखरच ती जुनी धान्य दळायची गिरणी होती. १९६३ साली तिच्यात कालव्यांचं संग्रहालय केलं. आम्हाला पाटी वाचून कळलं, आईला न वाचता.

आत बोटीवरच्या खोलीचा नमुना आहे. तो पाहून मी थक्क झाले. साधारण दहा फूट लांब, रुंदीला सात फुटांना कमी. चाळीतली खोली त्यापुढे दिवाणखाना वाटावी. त्यात नवरा, बायको आणि मुलं. दाराशी कोळशाची शेगडी. कपाटाचं दार खाली पाडलं की ते टेबल, दुसरं एक दार पाडलं की पलंग. भिंतीवर जाळीदार काठांच्या ताटल्या, खिडकीला क्रोशाची लेस, पाण्याच्या डब्यावर आणि दारावर रंगवलेले गुलाब आणि किल्ले, पितळेच्या मुठी घासून लखलखीत. एवढ्याशा जागेत, कोळशाच्या धुळीत, त्या बायकांनी असा संसार मांडला होता. आपल्याकडे फडताळातल्या पितळेच्या डब्यांची रांग लावणाऱ्या बाईला ही हौस कुठून येते ते विचारायला नको.

ही बिऱ्हाडं बोटीवर आली कशी, तर रेल्वेमुळे. १८३८ साली लंडन ते बर्मिंगहॅम रेल्वे सुरू झाली, कालव्याचे दर पडले. बोटवाल्याला गडी परवडेना आणि काठावरच्या घराचं भाडंही परवडेना. मग त्यानं बायकोमुलांना बोटीवरच आणलं. पुढे बोटी जोडीनं चालू लागल्या. पुढची इंजिनाची, मागची ओढून न्यायची. पुढच्या बोटीवर नवरा, मागच्या बोटीच्या सुकाणूवर बायको. दोन बोटींत मिळून सुमारे ५० टन माल. सुकाणू हातात, शेगडीवर रस्सा, तान्हं मूल पाण्यात पडू नये म्हणून छपरावर दोरीनं बांधलेलं, आणि लॉक आलं की उडी मारून काठावर, दार रेटायला. मजुरी मात्र मालाच्या टनावर आणि ती नवऱ्याच्या हातात. बायकोचा पगार वेगळा नव्हता. कामाला 'मदत' म्हणायचे.

मुलांची शाळा तर बुडालेलीच. आज इथे, उद्या तिथे, शाळेत जाणार केव्हा? जॉर्ज स्मिथ नावाच्या एका तळमळीच्या माणसानं या मुलांसाठी आवाज उठवला, तेव्हा १८७७ साली कायदा झाला. बोटीत किती माणसांनी राहायचं याला मर्यादा आली आणि मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला. तरी पिढ्यान् पिढ्या कित्येक बोटवाल्यांना सहीसुद्धा येत नव्हती. मास्तरीण म्हणून मला हे फार लागलं. ऊसतोडीला गेलेल्या पालकांबरोबर वर्गातून नाहीशी होणारी मुलं आपणही पाहतोच.

दुसऱ्या महायुद्धात पुरुष कमी पडले तेव्हा १९४२ पासून शहरातल्या काही तरुणींना बोटी चालवायला शिकवलं. त्यांच्या बिल्ल्यावर 'इनलँड वॉटरवेज'ची दोन आद्याक्षरं होती, आय डब्ल्यू. लोकांनी थट्टेनं त्याचं 'आयडल विमेन' केलं, म्हणजे रिकामटेकड्या बाया! पन्नास टन माल लंडनहून बर्मिंगहॅमकडे नेणाऱ्या रिकामटेकड्या! आईला अर्थ सांगितला, तर ती खुदकन हसली. मग म्हणाली, "सगळीकडं सारखंच की."

लॉकच्या अगदी जवळ सिस्टर मेरी वॉर्ड यांची आठवण जपलेली आहे. जन्म १८८५चा. बोटीवरच्या लोकांना दवाखान्यात जायला सवड नसे, कारण बोट थांबली की कमाई थांबली. लॉकपाशी मात्र बोटीला थांबावंच लागे. तेवढ्या वेळात या बाईंनी कित्येक वर्षं जखमा बांधल्या, पोरांची दुखणी पाहिली, बाळंतपणांची काळजी घेतली. १९५१ साली त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं, १९७२ साली त्या वारल्या.

पण त्यांच्या डोळ्यांदेखत कालव्यावरचा व्यवहार आटत गेला. १९६२-६३च्या हिवाळ्यात कालवे गोठून बोटी आठवडेच्या आठवडे अडकून पडल्या आणि माल रस्त्यानं जाऊ लागला. साउथॉलच्या जॅमच्या कारखान्याला कोळसा पोचवणाऱ्या बोटींची नियमित फेरी या वाटेवरची शेवटची. तीही १९७० साली थांबली. आता बोटी येतात त्या सहलीच्या, किंवा हौसेनं पाण्यावर राहणाऱ्यांच्या.

बाहेर येऊन आम्ही लॉककाठच्या बाकावर बसलो. घरून नेलेले मेथीचे ठेपले काढले, बहिणीनं थर्मासमधला चहा ओतला. आई बराच वेळ पाण्याकडे पाहत होती. मग सहज बोलल्यासारखी म्हणाली, "त्या बायकांची नावं कुठं दिसली नाहीत गं आत. त्या एका नर्सबाईंचं तेवढं."

थोडं थांबून म्हणाली, "गिरणी विकायची तर विका. मी नाही म्हणणार नाही. पण मला कुणी विचारलं नाही."

मैत्रिणींनो, आम्ही दोघी शिकलेल्या मुली, एक बी.ए., एक इंजिनिअर. आम्हाला बोलायला शब्द सापडेना. शेवटी बहीणच म्हणाली, "ताई, आपण सही करायला निघालो होतो." मी मान खाली घातली. दादाला दोष देण्यात अर्थ नव्हता. आईला न विचारणाऱ्यांत मीही होतेच.

परत आल्यावर मी दादाला फोन केला आणि कागद थांबवायला सांगितले. मग ओळखीच्या वकीलबाईंकडे जाऊन चौकशी केली. वडिलांची ती स्वकमाई होती आणि ते मृत्युपत्र न करता गेले. अशा वेळी १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नीचा हिस्सा मुलगे आणि मुलींइतकाच असतो. हक्कसोडपत्रावर सही केली की तो सुटतो. तुमच्यापैकी कुणाच्या घरात असा कागद फिरत असेल, तर सही करण्यापूर्वी तो वकिलाकडून वाचून घ्या आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला वाचून दाखवा, एवढं कळकळीनं सांगते.

दिवाळीत सगळे कराडला जमलो. दादा आधी घुश्शातच होता. त्याला वाटलं, बहिणींनी आईचे कान भरले. पहिल्या दिवशी कुणीच विषय काढला नाही. मला सारखं त्या आजीबाईंचं वाक्य आठवत होतं, पाणी सारखं होऊ द्या. भाऊबीजेच्या दिवशी ओवाळणं झाल्यावर आईनंच गिरणीची जुनी उधारीची वही आणून त्याच्यापुढे ठेवली. तीस वर्षांचं तिचं अक्षर. दादानं पानं उलटली, पुष्कळ वेळ उलटली. मग म्हणाला, "आई, तू सांग, काय करायचं?"

ती म्हणाली, "चालवायला माणूस मिळाला तर भाड्यानं देऊ. नाही मिळाला तर विकू. पण गिऱ्हाइकाशी मी बोलणार. कुठला दगड किती दिवसांचा आहे हे तुला सांगता यायचं नाही."

अजून काही ठरलेलं नाही. दोघेजण गिरणी पाहून गेले. आईनं दोघांनाही भाव खरा सांगितला आणि दोघेही विचार करून सांगतो म्हणाले. पण बोलणी आईसमोर होतात, आईच्या तोंडून होतात.

तुमच्यापैकी कुणाची लेक, बहीण, नणंद त्या बाजूला असेल, तर स्टोक ब्रुअर्नला एक दिवस जरूर जा. लंडनहून मिल्टन कीन्सपर्यंत रेल्वे आहे, पुढे मोटार लागते. लॉकच्या काठी उभं राहायला तिकीट नाही. संग्रहालयाला आहे, त्याच्या वेळा आधी पाहून घ्या. पायांत घसरणार नाही अशी चप्पल-बूट घाला, छत्री ठेवा, लहान मुलांचा हात सोडू नका आणि दाराचा दांडा हलत असताना त्याच्या वाटेत उभ्या राहू नका. बोटीवरच्या कुणी बोलावलं, तर मात्र पदर खोचून खुशाल दार रेटा.

पुढच्या वर्षी बहिणीकडे पुन्हा जायचं घाटतं आहे. परवा अर्जाचा विषय निघाला. 'व्यवसाय' या रकान्याशी आल्यावर या वेळी मी थांबले आणि आईला विचारलं, "काय लिहू?"

आई लसूणच सोलत होती. म्हणाली, "पिठाची गिरणी. तीस वर्षं. आणि घरकामही लिही, तेही केलंय."